खानदेशात घर घेताना आणि विकताना: कागद, माणसं, पैसा आणि खरेदीचा दिवस

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावातलं धाब्याचं घर विकायला आम्हाला आठ महिने लागले. गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यातच मिळालं होतं. भावही दोन बैठकांत जमला. बाकीचा सगळा वेळ एका प्रश्नात गेला: या घराचे मालक नेमके कोण? ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव होतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांना दोन मुलगे, दोन मुली. त्यातली एक फुई (आत्या) वारलेली, तिची मुलं सुरतला. घरात राहत होतो आम्ही, घरपट्टी भरत होतो आम्ही, पण सही लागत होती सात जणांची.

त्याच वर्षी जळगावला पिंप्राळ्याच्या बाजूला रो-हाऊस घेतलं. म्हणजे एकाच वेळी मी विकणारा होतो आणि घेणाराही. दोन्ही बाजूंनी जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. पहिल्यांदा घर घेणारे, बदली होऊन जळगाव-भुसावळ-धुळ्याला आलेले आणि आई-वडिलांचं गावाकडचं घर विकायला निघालेले, या तिघांना ते उपयोगी पडावं. आमच्याकडचे जुने लोक म्हणायचे, "आधी कागद देखा, मंग घर देखा." हा क्रम मी पाळला नव्हता, म्हणून आठ महिने गेले.

सुरुवात: मिळकत कोणत्या जातीची, हे ओळखा

घराचे कागद कुठल्या कार्यालयात मिळतात, हे घर कुठे उभं आहे त्यावर ठरतं. नवीन माणूस सगळ्यात आधी इथेच गोंधळतो, कारण 'उतारा' हा एकच शब्द आपण चार वेगळ्या कागदांना वापरतो.

गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ मिळतो. हे कराच्या आकारणीचं रजिस्टर आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या घरपट्टीच्या उताऱ्याचंही तेच. खानदेशात कितीतरी घरांचे सौदे निव्वळ नमुना ८ वर झाले आहेत आणि भावकीतल्या वादांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) तयार होऊ लागल्या. गावाची पत्रिका झाली असेल तर आधी ती काढा. नमुना ८ वरचं नाव आणि पत्रिकेवरचं नाव जुळतं का, ते पाहा.

शहराच्या जुन्या भागात, म्हणजे धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांत किंवा जळगावच्या जुन्या पेठांत, नगर भूमापन झालेलं असतं. तिथे मिळकत पत्रिका हाच मुख्य कागद. ती भूमी अभिलेख कार्यालयात आणि ऑनलाइनही मिळते.

शहराबाहेरच्या कॉलन्या शेतजमिनीवर प्लॉट पाडून झाल्या आहेत. तिथे गट नंबर आणि सातबारा. सोबत बिनशेतीचा (एन.ए.) आदेश, मंजूर ले-आउटचा नकाशा आणि त्यात तुमचा प्लॉट नंबर. तिन्ही हवेत. नुसता सातबारा दाखवून "एन.ए. होऊन जाईल, अर्ज टाकला आहे" असं कोणी म्हणत असेल तर तिथेच थांबा. शेतजमीन म्हणून नोंद असलेला तुकडा बिगरशेतकऱ्याला कूळ कायद्यामुळे विकत घेता येत नाही. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा अडथळाही येऊ शकतो. नोकरीसाठी बाहेरून आलेला माणूस स्वस्त गुंठ्याच्या मोहात पडतो. भाव निम्मा दिसतो, पण अनेकदा खरेदीच नोंदली जात नाही आणि हातात राहते ती नोटरी केलेली चिठ्ठी. जुन्या गुंठेवारी वसाहतीत घर घ्यायचं असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ते नियमित झाल्याचं प्रमाणपत्र मागा.

मोजमापाबद्दल एक छोटी गोष्ट. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. गुंठा मात्र १,०८९ चौरस फुटांचा. एजंट दोन्ही शब्द एकच असल्यासारखे वापरतात.

उतारा वाचायचा कसा

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, ताजा उतारा स्वतः काढा. तो हातात आल्यावर चार ठिकाणी बोट ठेवा.

एक, भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर जमीन विकायला सहसा परवानगी लागत नाही. वर्ग २ असेल तर लागते. जुनी वतनं, कूळ कायद्यात नवीन शर्तीने मिळालेल्या जमिनी, सरकारने वाटप केलेले भूखंड, प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेले प्लॉट असे त्यात येतात. हतनूर, उकाई, सरदार सरोवर या धरणांमुळे आपल्या भागात विस्थापित गावं आहेत, म्हणून हा प्रश्न इथे नेहमी निघतो. परवानगीआधी झालेला सौदा पुढे शर्तभंग ठरतो.

दोन, मूळ मालक. नंदुरबार जिल्हा, साक्री-शिरपूरचा पट्टा, चोपडा-यावल-रावेरचा सातपुड्याच्या कुशीतला भाग, इथे हे फार जपून पाहावं लागतं. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही आणि विक्री असेल तर शासनाची पूर्वमान्यताही लागते. हा नियम फक्त अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. मधल्या दोन-तीन खरेद्या होऊन गेल्या असल्या तरी मुळातला व्यवहार विनापरवानगी असेल तर जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. आणि ती जावी, कारण हा कायदा ज्यांच्या जमिनी फसवून घेतल्या गेल्या त्यांच्यासाठी केलेला आहे. शहादा-तळोद्याकडे प्लॉट घेताना वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा.

तीन, इतर हक्क. विकास सोसायटी, बँक, पतसंस्था यांच्या कर्जाचा बोजा इथे दिसतो. सहहिस्सेदारांचे हक्क आणि कोर्टाच्या मनाईची नोंदही इथेच सापडते.

चार, फेरफार नंबर. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाजवळ जे आकडे असतात ते फेरफाराचे. प्रत्येक आकड्यामागे एक गोष्ट आहे: कोण वारलं, कोणी विकलं, कोणाचं नाव कमी झालं. मागच्या तीस वर्षांचे फेरफार काढून क्रमाने वाचले की जमिनीचा प्रवास समजतो. "सदर मयतास खालील वारस" या ओळीखाली फक्त मुलांची नावं दिसली आणि मुलींची दिसली नाहीत, तर तिथे पेन्सिलने खूण करा.

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजूनही तलाठी आप्पाच. त्यांना भेटून जुने फेरफार मागायला लाजू नका. ते सार्वजनिक कागद आहेत.

यानंतर वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. वकील दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांची सूची, तपासून तो देतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा आणि हरकतीसाठी पुरेसे दिवस ठेवा. जी नोटीस आमच्या गावच्या घरासाठी गिऱ्हाइकाने दिली, तिच्यामुळेच सुरतच्या भावंडांना सौदा कळला. तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, ती नोटीस निघाली म्हणून बरं झालं. खरेदी झाल्यावर त्यांना कळलं असतं तर प्रकरण कोर्टात गेलं असतं.

वारस: इथे घाई करू नका

वडिलोपार्जित घर विकायचं असेल तर सगळ्यात आधी एका कोऱ्या कागदावर वंशावळ काढा. आजोबांपासून खाली. हयात, मयत, लेकी, सुना, नातवंडं, सगळे. लेकींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने मुलांच्या बरोबरीचा झाला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, वडील २००५ च्या आधी वारले असले तरी लेकीचा वडिलोपार्जित मिळकतीतला सहदायिक हक्क जन्मानेच असतो. "बहिणी काही मागणार नाहीत" हे वाक्य मी दहा घरांत ऐकलं आहे. त्या मागणार नसतील, पण सही मात्र त्यांचीच लागेल.

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके, गाणी, सांजोऱ्या आणि पुरणपोळ्या यांच्यामध्ये कोणीतरी कागद पुढे करतो आणि म्हणतो, "ताई, इथं एक सही दे." असं करू नका. सौद्याची बोलणी सुरू होण्याआधी बहिणीला, फुईला फोन करा, भाव सांगा, तिचा वाटा किती होतो ते सांगा आणि मग विचारा. आमच्या मोठ्या फुईला राग पैशांचा नव्हता. ज्या ओट्यावर तिचं लग्न लागलं तो विकायला काढल्याचं तिला दुसऱ्याकडून कळलं, म्हणून ती रागावली होती. तिला भेटायला गेलो, घराबद्दल बोललो, त्यानंतर तिने सही दिली आणि वाटाही घेतला. तिला वाटा मिळणं मला योग्यच वाटतं.

कागदोपत्री दोन रस्ते आहेत. सगळ्या वारसांनी खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून सही करायची आणि पैसे थेट आपापल्या खात्यात घ्यायचे, हा सरळ आणि स्वच्छ रस्ता. दुसरा हक्कसोडपत्राचा: बहिणीने भावाच्या नावे आपला हिस्सा सोडायचा. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात ते ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं, पण त्याची नोंदणी झालीच पाहिजे. साध्या कागदावरचं, पंचांसमोरचं संमतीपत्र खरेदी घेणाऱ्याच्या कामाचं नाही.

वारस बाहेरगावी असेल आणि येऊ शकत नसेल तर तो राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर कुलमुखत्यारपत्र करून देऊ शकतो. सुरतच्या आमच्या भावंडांनी तसंच केलं. वारसांत अल्पवयीन मूल असेल तर त्याच्या हिश्शासाठी सहसा जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. आईची सही पुरत नाही.

घेणाऱ्याने इथे एक भेद लक्षात ठेवायचा. कुलमुखत्यारपत्रावर मालकाच्या वतीने सही होऊ शकते, पण मुखत्यारपत्रच विकत घेऊन मालक होता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे सांगून टाकलं आहे.

आणि हे सगळं करण्याआधी वारस नोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर, मिळकत पत्रिकेसाठी भूमी अभिलेख कार्यालयातल्या परिरक्षण भूमापकाकडे, नमुना ८ साठी ग्रामपंचायतीत. आजोबांच्या नावाचा उतारा घेऊन गिऱ्हाईक शोधायला निघू नका.

घर बघणं

मे महिन्यात दुपारी तीन वाजता घर बघा. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला की पुढची वीस वर्षं कशी जाणार ते कळतं. वरच्या मजल्यावरचं, स्लॅबखालचं घर संध्याकाळी सातलाही तापलेलंच असतं.

दुसरी खेप जुलै-ऑगस्टमध्ये. तापी-गिरणेच्या काठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंतींना तिरक्या भेगा जातात, विशेषतः खिडकीच्या कोपऱ्यापासून. नवीन रंग मारलेला असेल तर जास्तच बारकाईने बघा आणि शेजारच्या घरांच्या भिंतीही बघा, कारण त्यांची माती तुमच्यासारखीच. पाया किती खोल नेला, खाली मुरूम भरला का, कॉलम कुठे आहेत हे विचारा.

पाण्याची चौकशी मालकाकडे करू नका, शेजारणीकडे करा. नळ किती दिवसांआड येतो, किती वाजता येतो, उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो का. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण नव्या कॉलनीच्या टोकापर्यंत लाइन पोहोचली आहे का, हा वेगळा प्रश्न.

गावातल्या जुन्या घरात सामाईक भिंत कोणाची, पन्हाळीचं पाणी कोणाच्या बोळात पडतं, गुरांचा रस्ता कुठून जातो, हे कागदात नसतं. तिथे सरकारी मोजणी करून घ्या. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की भूकरमापक येतो आणि मग मोजणीची 'क' प्रत मिळते. चतुःसीमा त्यावरून लिहा.

फ्लॅट असेल तर बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र बघा. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा असेल तर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवरच्या राज्य प्राधिकरणाची, नोंदणी बंधनकारक आहे, प्लॉटच्या ले-आउटलाही. नोंदणी क्रमांक टाकून संकेतस्थळावर त्याची मंजुरी आणि ताब्याची तारीख स्वतः वाचा. भाव चटई क्षेत्रावर (कार्पेटवर) विचारा. बिल्डरने करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेणं कायद्याला मान्य नाही.

पैशाचा हिशोब

बजेट ठरवताना घराचा भाव धरतो आणि वरचा खर्च विसरतो, असं बहुतेकांचं होतं. जळगाव किंवा धुळे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के पडतं. नोंदणी फी १ टक्का, पण ती जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे ३२ लाखांच्या घराला १,९२,००० अधिक ३०,०००, एकूण २,२२,००० रुपये. घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते, इथे ३२,००० रुपये वाचतात. ही सवलत २०२१ पासून आहे आणि पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही अट २०२३ मध्ये निघाली. सवलत राहत्या घराला आहे. पती-पत्नी दोघांचं नाव टाकलं तर ती मिळत नाही.

शुल्क तुमच्या भावावर की सरकारी मूल्यांकनावर? जे जास्त असेल त्यावर. सरकारी दर वार्षिक मूल्य दर तक्त्यात असतो, त्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. तुमचा ठरलेला भाव सरकारी मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर आयकराच्या बाबतीत घेणारा आणि देणारा, दोघांनाही त्रास होतो. म्हणून सौदा पक्का करण्याआधी मूल्यांकन काढून घ्या.

बँक ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च, अगदी लहान घर सोडलं तर, त्या किमतीत धरत नाहीत. तो रोकडा तुमच्याकडे तयार हवा. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला वर जीएसटी लागतो: ५ टक्के, आणि ४५ लाखांपर्यंतच्या, ९० चौरस मीटर चटई क्षेत्राच्या आतल्या परवडणाऱ्या घराला १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला तो नाही.

आता 'वरच्या' पैशाबद्दल. "इतके खरेदीत दाखवू, इतके रोख" हे आपल्याकडे सर्रास बोललं जातं. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. घेणाऱ्याचं नुकसान आणखी खोल आहे. सौदा मोडला तर ते पैसे कुठल्याच कागदावर नसतात, बँक त्या रकमेवर कर्ज देत नाही आणि उद्या घर विकताना तुमची खरेदी किंमत कमी दिसते, म्हणजे कर जास्त. कापूस विकून आलेले, केळीचे आलेले पैसे आधी बँकेत भरा आणि मग चेकने किंवा आरटीजीएसने द्या.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो. विकणारा परदेशात राहत असेल तर नियम वेगळे, त्यासाठी सीए गाठा.

सौदापावती आणि साठेखत

बोलणी जमली की बयाणा. लगेच चिठ्ठी होते: अमुक इतके मिळाले, दोन साक्षीदार, तारीख. माझा सल्ला असा की बयाण्याची रक्कम लहान ठेवा आणि सौदापावतीत चार गोष्टी नीट लिहा. मिळकतीचं पूर्ण वर्णन. एकूण रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा. कर्ज मंजूर झालं नाही किंवा शोध अहवालात दोष निघाला तर बयाणा किती दिवसांत परत. आणि बोजा, थकबाकी कोण फेडणार. आपल्याकडे "दिवाळीनंतर कापूस विकला की देतो" अशी मुदत तोंडी ठरते. तारीख लिहा.

पुढचा कागद साठेखत. साठेखत म्हणजे विकण्याचा करार, त्याने मालकी येत नाही. मालकी येते नोंदणी झालेल्या खरेदीखताने. मात्र ताबा देऊन साठेखत केलं तर मुद्रांक शुल्क खरेदीखताइतकंच लागतं, म्हणून ताब्याबद्दलचं वाक्य वकिलाकडून तपासून घ्या. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेली "खरेदी" म्हणजे खरेदी नव्हे, कितीही शिक्के असले तरी.

दलाली बोलणी सुरू होण्याआधीच ठरवा, कोण देणार आणि कधी. खरेदीच्या दिवशी कार्यालयाच्या पायरीवर तो वाद फार वाईट दिसतो.

विकणाऱ्याने काय करायचं

घरावर कर्ज असेल तर बँकेकडून फेड पत्र घ्या आणि फेडल्यावर मूळ कागद. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये तिने द्यायचे असतात. उताऱ्यावरचा बोजा मात्र आपोआप उतरत नाही, बँकेचं पत्र जोडून अर्ज करावा लागतो. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल शून्यावर आणा.

कर: घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दर आहे. त्याआधी घेतलेल्या घराला भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे, जो कमी पडेल तो. राहतं घर विकून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर तेवढ्या नफ्यावर सूट मिळते. विक्रीच्या एक वर्ष आधी घेतलेलं घरही चालतं. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर ते भांडवली नफा खात्यात ठेवायचे. ही गोष्ट मला वेळेवर कळली म्हणून पिंप्राळ्याच्या घराचा मेळ बसला.

मुलाला, मुलीला किंवा पत्नीलाच घर द्यायचं असेल तर खरेदीखत कशाला? राहत्या घराचं बक्षीसपत्र २०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं, वर स्थानिक संस्थेचा अधिभार लागतो तेवढाच.

खरेदीचा दिवस

खरेदीखताचा मसुदा दोन दिवस आधी घरी आणून शांतपणे वाचा. नावं आधारप्रमाणे, गट नंबर, प्लॉट नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा, चेक नंबर. प्रत्येक आकडा उताऱ्याशी जुळवा. मुद्रांक आणि फी ऑनलाइन चलनाने भरली जाते, दस्ताची माहिती आधी संगणकात भरून वेळ घेतली जाते.

सोबत न्यायचं: आधार, पॅन, फोटो, ताजे उतारे, घरपट्टीची पावती, चलन आणि दोन साक्षीदार. साक्षीदार दोघांनाही ओळखणारे असावेत. दुय्यम निबंधकासमोर विकणाऱ्याला विचारतात, पैसे मिळाले का, दस्त कबूल आहे का. अंगठा, फोटो, सही होते. म्हातारी माणसं असतील तर सकाळची वेळ घ्या. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून आमच्या फुईला दोनदा बसावं लागलं, कापसात आयुष्य गेलेल्या हातांच्या रेषा पुसट होतात.

उरलेली रक्कम देण्याची वेळ हीच. कबुलीआधी डीडी दाखवा, कबुलीनंतर हातात द्या. बँकेचं कर्ज असेल तर बँकेचा माणूस चेक घेऊन येतो. किल्ल्या, मूळ जुनी खरेदीखतं आणि ताबापावती त्याच दिवशी घ्या. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला सादर करता येतो, पण एवढं लांबवण्याचं काही कारण नसतं.

खरेदीनंतर

नोंदलेला दस्त आणि सूची २ मिळाली की घाईतलं काम संपतं, नाव लागण्याचं काम सुरू होतं. सातबाऱ्यासाठी फेरफाराची प्रक्रिया नोंदणीनंतर ऑनलाइन पुढे जाते. तलाठी नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. स्वतः जाऊन फेरफार नंबर विचारा. मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेखकडे वेगळा अर्ज. त्यानंतर घरपट्टीवर नाव, महावितरणकडे मीटरचं नाव, पाण्याचं कनेक्शन. मीटरचं रीडिंग ताब्याच्या दिवशी फोटो काढून ठेवलेलं असेल तर मागच्या बिलाचा वाद होत नाही.

आणि दस्त घरी आणला त्याच रात्री तो पुन्हा एकदा वाचा. नावात काना-मात्रा चुकली, क्षेत्रफळात आकडा उलटा पडला, तर चूक दुरुस्ती लेख करावा लागतो आणि त्यावर विकणाऱ्यांच्याही सह्या लागतात. आमच्या खतात गिऱ्हाइकाच्या वडिलांचं नाव चुकलं होतं. ते त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं, तेव्हा सुरतची गाडी अजून सुटायची होती.